शेवटच्या ओळीतलं नाव

निर्मात्याचं नाव काळालाही पुसता येत नाही.

हे वाक्य आमच्या कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर, जिन्याच्या शेजारी, निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं. कोणाचं आहे, ते खाली लिहिलेलं नव्हतं.

याचा त्रास सगळ्या कॉलेजात एकाच माणसाला होई. ते आमचे ग्रंथपाल. कोणताही छापील कागद हातात पडला की ते आधी तो उलटा करून पाठ पाहत, मग सुलटा करून तळ पाहत, आणि मग चष्म्याच्या वरून समोरच्या माणसाकडे पाहत.

"हे कोनाचं व्हय?"

माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हाही त्यांनी हेच केलं. पत्रिकेच्या तळाला, घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या नावांवर, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' असं नेहमीचं छापलेलं होतं. ग्रंथपालांनी बोट तिथं ठेवलं. मी म्हटलं, सर, हे कोणाचंच नाही, सगळ्यांचं आहे. "असं कसं मॅडम? कोन्या तरी एका पोरानं पह्यल्यांदा म्हटलंच असंन ना." लग्नाला ते आले, आहेर केला, आणि ते पहिलं पोर कोण असावं या विषयावर पंगतीत माझ्या भावजींचं डोकं खाल्लं. भावजी अजून त्यांची आठवण काढतात, पण जिव्हाळ्यानं काढतात असं म्हणवत नाही.

मी इतिहास शिकवते. माझ्या विषयात कोण काय म्हणालं हे पुष्कळदा म्हणणारा गेल्यावरच ठरतं, त्यामुळे मला या बाबतीत फार कडक राहणं परवडत नाही. ग्रंथपाल मात्र कडक होते. भिंतीवरच्या वाक्याचा मालक शोधण्यात त्यांनी नोकरीतला बराच काळ घालवला. जुन्या प्राचार्यांना विचारलं. ते म्हणाले, उद्घाटनाला कोणी पाहुणे आले होते, ते बोलले असतील. जुन्या लिपिकाला विचारलं. तो म्हणाला, भिंतीवर जागा उरली होती. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ग्रंथपालांनी स्वतः स्टुलावर चढून वाक्याच्या खाली बारीक अक्षरांत 'अज्ञात' असं लिहिलं. त्यानंतर जिन्यावरून जाताना ते जरा शांत दिसू लागले.

असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आपण त्याला टाळतो, त्याच्यावर विनोद करतो, आणि तो रजेवर असला की सगळं काम कसं सुरळीत चाललंय असं एकमेकांना सांगतो. मीही तेच करत होते. मग एका एप्रिलमध्ये स्टाफरूममध्ये एक गाणं वाजलं.

जयंतीचे दिवस होते. आमच्या एका सहकाऱ्यानं मोबाईलवर भीमगीत लावलं होतं. ते गाणं तेव्हा जिल्ह्यात मिरवणुकीमिरवणुकीत वाजत होतं:

पाटीवर लिवलं बाई पयलं मी अक्षर,
भीमानं उघडलं बाई शाळेचं दार...

ग्रंथपाल तिथं बसले होते. आता ते विचारणार, म्हणून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी विचारलं नाही. गाणं शेवटच्या कडव्यावर आलं तसे ते उठले आणि डबा अर्धा टाकून निघून गेले. मी मागोमाग गेले, कारण चौकसपणा हाही माझ्या विषयाचा भाग आहे. ग्रंथालयात ते पेपरांची फाईल उगाच सरळ करत होते. मी म्हटलं, सर, आज विचारलं नाहीत, गाणं कोणाचं ते.

"कायले इचारू?" ते म्हणाले. "माह्या मायचं व्हय."

त्यांची आई देऊळघाटला राहत होती. तरुणपणी ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात लिहायला शिकली आणि तिनं हे गाणं रचलं. अशा गाण्यांची एक रीत तुम्हाला ठाऊक असेल. रचणारा शेवटच्या ओळीत आपलं नाव घालतो. छापखाना नाही, नोंदणी नाही. नाव राखायची तेवढी एकच जागा. आईचा शेवट असा होता:

देऊळघाटची शेवंता सांगे, ऐका सारे घर,
नाव माह्यं मीच लिवलं पाटीवर.

मोबाईलवरच्या गाण्यात त्या जागी 'वरवटचा आनंदा सांगे' असं होतं. बाकी सगळं जसंच्या तसं. त्यामुळे सासूच्या धाकानं पदराखाली पाटी लपवणारा, चुलीपुढच्या राखेत बोटानं अक्षरं गिरवणारा हा वरवटचा आनंदा व्हिडिओत भरघोस मिशा आणि निळा फेटा मिरवत उभा होता.

"तिचं नाव एवढ्याच एका जागी व्हतं, मॅडम," ग्रंथपाल म्हणाले. "सातबाऱ्यावर नाई, घरावर नाई. तेबी काढून घेतलं."

त्या दिवसापासून मला त्यांचा प्रश्न समजू लागला. त्यानं वैताग कमी झाला असं मात्र नाही. समजून घेतलेला वैतागही वैतागच असतो.

पुढच्या वर्षी आमच्या कॉलेजला मूल्यांकन समिती येणार होती. समितीला कार्यशाळा आवडतात, म्हणून एक कार्यशाळा घ्यायची ठरली: 'स्वामित्वहक्क आणि उचित वापर: शिक्षक व विद्यार्थी यांची जबाबदारी'. आयुष्यात पहिल्यांदाच ग्रंथपालांना मागितल्याशिवाय काही मिळालं होतं. त्यांनी नवा शर्ट शिवला.

तालुक्यातले शिक्षक आले. दीप लागला, म्हणजे पंखा बंद केल्यावर लागला. शाल, नारळ, परिचय, परिचयाबद्दल आभार, असं होत होत दुपारच्या जेवणाला थोडाच वेळ उरलेला असताना ग्रंथपालांना बोलायला दिलं. ते प्रमाण भाषेत बोलू लागले. कायद्याची कलमं त्यांना पाठ होती, पण ती त्यांच्या तोंडून इस्त्री केल्यासारखी बाहेर पडत होती. मूळ लेखकाचा हक्क तो गेल्यावरही साठ वर्षं राहतो, हे त्यांनी सांगितलं. वर्गात शिकवण्यासाठी, अभ्यासासाठी, परीक्षणासाठी मर्यादित वापर करता येतो, हे सांगितलं. मग एका शिक्षकानं हात वर केला.

"सर, ते सगळं ठीक आहे. पन पकडते का?"

सभागृह एकदम जागं झालं. आमच्या जिल्ह्यात कायद्याविषयी जेवढे म्हणून प्रश्न विचारले जातात ते सगळे शेवटी या एकाच प्रश्नाला येऊन मिळतात. ग्रंथपालांची इस्त्री मोडली.

"पकडत नाई," ते म्हणाले. "कोनी पकडत नाई. पन पकडत नाई म्हनून शेजाऱ्याच्या वावरातून वांगे आनता का तुमी?"

दोघातिघांनी खाली पाहिलं. त्यांच्या मनात वांग्यांचाच विचार चालू असावा.

मग त्यांनी विरजणाचं उदाहरण दिलं. ते त्यांचं ठेवणीतलं होतं. शेजारणीकडून चमचाभर विरजण मागून आणायला हरकत नाही. जग त्यावरच चाललं आहे. पण दूध आपलं पाहिजे, आणि कोणी विचारलं तर विरजण कोणाकडचं ते सांगता आलं पाहिजे. शेजारणीचं दह्याचं पातेलंच उचलून आणलं आणि वरची साय काढून आपलं म्हणून वाढलं, तर तो उचित वापर नाही. मला ते आवडलं. एवढं सोपं करून कोणी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. मागच्या रांगेत आमच्या बीएच्या मुली बसल्या होत्या. त्यातली एक उभी राहिली.

"सर, आन घरी दूधच नसलं तं?"

मी तिचे प्रकल्प तपासले होते. ती विनोद करत नव्हती. ती खरंच विचारत होती, आणि तिच्या प्रश्नात आपल्या सगळ्या उच्चशिक्षणाचं वर्णन आलेलं होतं. ग्रंथपाल पाणी प्यायले आणि पुढच्या मुद्द्याकडे गेले. पुढचा मुद्दा म्हणजे लग्नाची वरात. लग्नसमारंभात आणि वरातीत गाणी वाजवायला परवानगी लागत नाही, अशी तरतूद आहे. हे ऐकल्याबरोबर सगळ्यांनी वह्या उघडल्या. कार्यशाळेत लिहून घेतलेलं हे एकच वाक्य. वाटताना प्रमाणपत्रं कमी पडली, तेव्हा आयोजकांनी उरलेल्यांसाठी झेरॉक्स काढल्या. ग्रंथपालांनी त्यातली एक हातात घेऊन उलटी केली, सुलटी केली, आणि या खेपेला काही न विचारता खिशात ठेवली.

मी तोवर सांगितलं नव्हतं, पण त्याच सुमारास त्यांना कळलं की माझं माहेर वरवट बकालचं, म्हणजे आनंदाच्याच गावचं.

मी त्यांना परोपरीनं सांगितलं की या भानगडीत मला ओढू नका. माहेरी वर्षातून एकदा जाते, तेही शांत बसायला. पण 'तुमच्या गावचा मानूस व्हय, तुमी सोबत असल्या तं भांडन होनार नाई' हे त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही. एका रविवारी आम्ही बुलढाण्याहून एसटीनं निघालो. बोथ्याचा घाट उतरताना ते मला कलमं ऐकवत होते, खामगावला गाडी बदलली तेव्हा अपवाद सुरू झाले, आणि शेगावच्या पुढे मी डोळे मिटून घेतले.

आनंदा शाहीर मला लहानपणापासून माहीत होता. व्हिडिओतला फेटा काढला तर साधा, गोड माणूस. वरवटच्या बाजारात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आम्हाला पाहून त्यानं खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला, मला "ताई, लय दिसानं" म्हणाला. ग्रंथपालांनी विषय काढला. मला वाटलं, आता हा नाकबूल करील. त्यानं एका शब्दानं नाकबूल केलं नाही.

"सर, मले माह्या गुरूनं शिकोलं, त्याच्या नावानं," तो म्हणाला. "तो गेला, मंग मी माह्यं नाव टाकलं. जो गाते, त्याचं नाव घेते. मले काय मालूम, पह्यले कोनाचं व्हतं?"

मी विचारलं, आनंदाभाऊ, तुम्ही पाटी पदराखाली काऊन लपवली मग? सासूला भेत होतात का?

तो मनापासून हसला. "ताई, गान्यात मानूस कायबी अस्ते."

ग्रंथपाल हसले नाहीत. त्यांनी आईचं नाव सांगितलं, ती जिवंत आहे हे सांगितलं, आणि शेवटच्या ओळीत तिचं नाव परत यावं एवढीच मागणी असल्याचं सांगितलं. आनंदा गंभीर झाला. माय जिवंत आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तो हातातल्या पान्याशी चाळा करत बसला आणि मग अगदी आदरानं, खोचकपणा न आणता त्यानं विचारलं:

"सर, शब्द मायचे, मान्य. पन चाल? चाल कोनाची व्हय?"

एवढ्या वर्षांत ग्रंथपालांना त्यांचाच प्रश्न कोणी उलटा विचारलेला मी पाहिला नव्हता. ते समोरच्या सायकलच्या चाकाकडे पाहू लागले. चाल एका जुन्या हिंदी सिनेमातल्या गाण्याची होती. आम्हा तिघांनाही ते माहीत होतं. जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. आनंदानं मूळ गाण्याची एक ओळ गुणगुणूनही दाखवली. चहा आला. ग्रंथपालांनी तो घेतला नाही.

परतीच्या गाडीत माझा संयम सुटला. मी म्हटलं, सर, कायदा तुम्हीच शिकवता. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा. त्याला तिथंच सांगायचं होतं. तुम्ही गप्प का बसलात?

"कायद्यानं वेगळाच आहे," ते म्हणाले. "पन वावर दुसऱ्याचं आन बी आपलं. अशा पिकावर भांडाले तोंड लागते, मॅडम."

प्रामाणिक माणसासोबत प्रवास करू नये. दुसऱ्याची बाजू तोच मांडून मोकळा होतो.

मग त्यांनी त्या सिनेमाच्या गाण्यांचे हक्क ज्या कंपनीकडे होते तिला परवानगीसाठी लिहिलं. कंपनीनं उत्तर दिलं नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा नाही. त्यांना याचं आश्चर्य वाटलं आणि मला त्यांच्या आश्चर्याचं. शेवटी त्यांनी ठरवलं की मायलाच चाल बदलायला सांगायची. या कामालाही त्यांना साक्षीदार हवा होता. देऊळघाट जवळ आहे, म्हणून मी गेले. आणि खरं सांगायचं तर मला ती बाई पाहायची होती.

शेवंताबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. बारीक चणीच्या, मुलासारख्याच चष्म्याच्या वरून पाहणाऱ्या. मुलानं त्यांना सगळं समजावून सांगितलं: हक्क म्हणजे काय, चालीचा मालक कोण, परवानगी कशी आली नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

"तो सिनेमा इथं कोनी पाह्यला तरी व्हता का?" त्या म्हणाल्या. "त्याइचं गानं तवाच मेलं. मी गायलं म्हनून या गावात चाल जित्ती राह्यली. त्याइनंच मले इचाराले पायजे."

मला टाळी द्यावीशी वाटली. मुलगा म्हणाला, "माय, असं नसते. पह्यले इचारलं पायजे."

"पह्यले?" माय माझ्याकडे वळल्या. "मॅडम, मी अक्षर शिकली ते पाटी याची व्हती. हा निजला की दप्तरातून काढो. मंग शाळेत गेला की याच्या पाटीवर माह्यं नाव निंघे आन मास्तर याले मारे. तवा मी कुठं इचारलं याले?"

ग्रंथपालांनी मेथीची एक काडी उचलली आणि ते तिची पानं खुडायला लागले. मास्तरांच्या माराबद्दल ते मला कधी बोलले नव्हते. थोड्या वेळानं माय म्हणाल्या, याचं समाधान होत असंन तं म्हनते. आणि तिथंच ओट्यावर त्यांनी ते शब्द जात्यावरच्या ओवीच्या चालीवर म्हणून दाखवले. ती चाल कोणाची, हे विचारायला ग्रंथपालांनी तोंड उघडलेलं मी पाहिलं. मायनंही पाहिलं. ग्रंथपालांनी ते मिटलं.

मग स्नेहसंमेलन आलं.

आमच्या संमेलनाबद्दल एक सांगायला हवं. कायद्यानं कॉलेजच्या कार्यक्रमात गाणी-नाटकं परवानगीशिवाय करता येतात, पण प्रेक्षक कॉलेजचेच पाहिजेत: शिक्षक, विद्यार्थी, पालक, कॉलेजशी संबंधित माणसं. हे कलम ग्रंथपालांनी इतकं मनावर घेतलं होतं की दरवर्षी ते स्वतः गेटवर उभे राहत. आदल्या वर्षी त्यांनी संस्थाध्यक्षांच्या साडूला अडवलं होतं. 'तुमचा पोरगा कोन्त्या वर्गात व्हय?' असं विचारून. साडूंना मूलबाळ नव्हतं. ते प्रकरण निस्तरता निस्तरता प्राचार्यांना रक्तदाबाची गोळी चालू झाली. आत भोंगे एवढे मोठे लावलेले असत की कार्यक्रम बसस्टँडपर्यंत फुकट ऐकू जाई, पण कलमात भोंग्यांचा उल्लेख नव्हता.

त्या वर्षी कार्यक्रमपत्रिकेत पालकांचा म्हणून एक कार्यक्रम ठेवला होता. शेवंताबाईंची नात आमच्याकडे बीएस्सीला होती. म्हणजे माय कलमात बसत होत्या. आणि ग्रंथपालांनी वरवटच्या आनंदा शाहिराला स्वतः फोन करून बोलावलं होतं, शेवटची ओळ मायच्याच तोंडून ऐकायला. तो आला. फेटा बांधून, मायसाठी शाल घेऊन, इतक्या लांबून. ग्रंथपालांनी त्याला गेटवर अडवलं.

मला कोणीतरी बोलावून आणलं. मी म्हटलं, सर, तुम्हीच बोलावलंत ना याला?

"बलावलं. पन हा पालक नाई."

"मग बोलावलंत कशाला?"

"तवा ध्यानात आलं नाई."

मी म्हटलं, हा कॉलेजशी संबंधित आहे असं समजा. ते म्हणाले, कसा संबंधित, सांगा. मी पाहुणा म्हणा म्हटलं. ते म्हणाले, कलमात पाहुणा नाही. मला रडू येईल की हसू, हे मला ठरवता येईना. आनंदाच शेवटी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ताई. भोंगा हाय ना. मी भाईरून आयकतो." आणि तो गेटच्या बाहेर, पानटपरीच्या बाकावर, शाल मांडीवर घेऊन बसला.

माय स्टेजवर गेल्या. माईक त्यांच्या उंचीला आणताना खाली घसरला, तो एका मुलीनं हातात धरून ठेवला. त्यांनी ओवीच्या चालीवर गाणं म्हटलं. पोरं शांत होती. आदरानं होती की चाल ओळखीची नव्हती म्हणून, हे मी ठरवणार नाही. शेवटचं कडवं आलं. 'देऊळघाटची शेवंता सांगे' हे शब्द भोंग्यातून अख्ख्या बुलढाण्यावर गेले. मी गेटवरच होते. ग्रंथपाल कडीला हात लावून उभे होते आणि त्यांचा चेहरा जिन्यावरून जाताना होई तसा झाला होता.

मग पोरांनी वन्स मोअर मागितला. माय माईकमध्ये म्हणाल्या, "आता खऱ्या चालीवर म्हनते." आणि त्यांनी सरळ सिनेमाची चाल धरली.

सभागृह उसळलं. टाळ्यांचा ठेका सुरू झाला. बाहेर बाकावरून आनंदा उठला आणि गेटच्या गजांपाशी येऊन, आतल्या आवाजात आवाज मिसळून गाऊ लागला. त्याचा आवाज खरंच चांगला होता. शेवटची ओळ आली. वर्षानुवर्षांची सवय होती त्याच्या जिभेला. तो थोडा अडखळला, आणि मग मोकळ्या गळ्यानं म्हणाला: देऊळघाटची शेवंता सांगे.

ग्रंथपाल गजांच्या या बाजूला, तो त्या बाजूला. मग ग्रंथपाल माझ्याकडे वळले.

"नाव बराबर घेतलं त्यानं," ते म्हणाले. "पन मॅडम, चालीची परवानगी राह्यलीच."

त्यांनी गेट मात्र तेव्हाही उघडलं नाही. शाल मी आत नेऊन दिली.

पुढच्या जयंतीला आनंदाचा नवा व्हिडिओ आला. त्यात त्यानं शेवटची ओळ बदलली होती: 'शेवंता सांगे, आनंदा गाए, ऐका सारे घर'. 'देऊळघाटची' जागेअभावी गेलं होतं. ग्रंथपालांनी तो कॉलेजात सगळ्यांना दाखवला. अर्धा तरी न्याय झाला, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "अर्धा नाई. दोन नावं असले की कोनाचं व्हय, हे इचाराले जागा राह्यते." मला तेव्हा यात समाधान कसलं ते कळलं नाही. माणसानं आयुष्यभर उत्तर मागावं आणि शेवटी प्रश्न शिल्लक राहिला म्हणून खूश व्हावं, हा हिशेब मला अजूनही जमत नाही.

ते निवृत्त झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी गेले. हृदयविकार. कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्यांनी श्रद्धांजली वाचून दाखवली. तिच्यात दिवंगतांचं समुद्रावर फार प्रेम होतं असं एक वाक्य होतं. आमचे ग्रंथपाल समुद्रावर गेल्याचं मला तरी माहीत नाही. प्राचार्यांच्या हातातला तो कागद घेऊन आधी उलटा, मग सुलटा करायला त्या खोलीत कोणी उरलं नव्हतं. मी आपल्या जागेवर बसून राहिले.

नंतर देऊळघाटला जाऊन आले. माय ओट्यावरच होत्या. मी काय बोलणार होते ते ठरवून गेले होते, पण त्याच आधी बोलल्या.

"हा मले सांगे, तू मेल्यावर साठ वर्सं गानं तुह्यंच राहीन. मी म्हनो, बरं बाप्पा, मोज. आता तोच पह्यले गेला. मोजनार कोन?"

मी मेथी निवडू लागले. त्यांच्याकडे दुसरं काही करता येत नाही.

यंदा पुन्हा समिती आली, तेव्हा कॉलेज रंगवलं. जिन्याजवळचं वाक्य नव्यानं, जास्त ठळक काढलं. ग्रंथपालांनी लिहिलेलं 'अज्ञात' रंगाखाली गेलं. पेंटरनं त्या जागी, रीतीप्रमाणे, आपलं नाव आणि मोबाईल नंबर टाकला.

गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धा झाली. आमच्या एका मुलीनं भाषणाची सुरुवात याच वाक्यानं केली. वाक्य कोणाचं ते सांगितल्याशिवाय उचलू नये, हे ग्रंथपालांनी पहिल्या वर्षाला शिकवलेलं तिच्या लक्षात होतं, म्हणून तिनं नावही घेतलं. परीक्षकांत मी होते. पेंटरचं नाव तिनं अगदी स्पष्ट उच्चारलं.

तिला पहिलं बक्षीस मिळालं.